खिडकीमागे माणूस हवा : उपनगरी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईच्या उपनगरी रेल्वेची तिकीटव्यवस्था ज्यांच्या हाती आहे, ते सर्व अधिकारी

विषय : बंद होत चाललेल्या तिकीट खिडक्या आणि बुकिंग क्लार्कच्या रिकाम्या जागा

महोदय, महोदया,
स.न.वि.वि.

आमच्या नेहमीच्या स्थानकावर पूर्वेचं तिकीटघर आधी दुपारचं बंद राहू लागलं. मग संध्याकाळीही लवकर बंद व्हायला लागलं. गेल्या पावसाळ्यापासून तर त्याचं शटर वर गेलेलंच नाही. शटरवर एक कागद चिकटवलाय : 'तिकिटासाठी मशीन किंवा मोबाइल ॲप वापरा.' त्यावर सही नाही, तारीख नाही, कोणाच्या आदेशाने हे झालं त्याचा उल्लेख नाही. पश्चिमेला खिडक्या आहेत, पण त्यातल्या एकीच्याच काचेमागे माणूस दिसतो आणि रांग पार जिन्यापर्यंत जाते.

स्थानकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव दिलं की तिथल्या स्टेशन मास्तरला विचारणा होते, बुकिंगमध्ये उरलेल्या दोन-तीन माणसांच्या मागे चौकशी लागते, दुसऱ्या कुठल्या तरी स्थानकावरचा क्लार्क आठवडाभर आणून बसवला जातो आणि तक्रार निकाली निघते. तो क्लार्क जिथून उचलला तिथली खिडकी मग बंद पडते. मला हा प्रश्न असा निकालात निघालेला नकोय. चर्चगेट ते डहाणू, सीएसएमटी ते कसारा आणि खोपोली, पनवेल, उरण, कुठल्याही मार्गावर रोज जाणाऱ्याला विचारा, तो आपल्या स्थानकावरची बंद खिडकी बोटाने दाखवेल.

मी परळला पोळी-भाजी केंद्र चालवते. माझ्याकडे काम करणाऱ्या बायका मानखुर्द, कळवा, नालासोपारा अशा ठिकाणांहून येतात. पहाटेची कणीक मळायची तर त्यांना उजाडायच्या आत गाडी पकडावी लागते, आणि रात्रीचे डबे उरकून निघेपर्यंत बराच उशीर होतो. माझं गिऱ्हाईक निम्मं-शिम्मं इस्पितळांतलं आहे. टाटा, केईएम, वाडिया इथे आलेल्या रुग्णांचे नातेवाईक. कोणी चंद्रपूरहून आलेलं, कोणी नांदेडहून, कोणी थेट बिहारमधून. डबा घेताना ही माणसं भाजीच्या आधी गाडीचंच विचारतात. खिडकीशी माझं तिसरं नातं घरातलं. माझ्या थोरल्या वन्सं रेल्वेत बुकिंग क्लार्क होत्या, आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या जागेवर अजून कोणी आलं नाही, असं त्यांच्या जुन्या मैत्रिणी सांगतात. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते मी जवळून पाहिलंय, आणि म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी कायद्याचं सांगते, कारण आपण प्रवाशांना कायदा नेहमी सांगता. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ५५ प्रमाणे तिकीट किंवा पास जवळ नसताना गाडीत बसता येत नाही. बसलो तर कलम १३८ प्रमाणे भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. हे प्रत्येक स्थानकावर लिहिलेलं असतं, लाउडस्पीकरवर ऐकवलं जातं. पण त्याच अधिनियमात त्याच्या आधी कलम ५० आहे. प्रवास करू इच्छिणाऱ्या माणसाने भाडं दिलं की रेल्वे कर्मचाऱ्याने किंवा रेल्वेने नेमलेल्या एजंटाने त्याला तिकीट द्यायचं आहे, असं ते सांगतं. तिकीट बाळगणं हे माझं कर्तव्य, आणि ते मला मिळेल अशी सोय करणं हे आपलं. कायद्याने क्रमही असाच लावलाय, आधी आपलं आणि मग माझं. शटर खाली ओढून ॲपचा कागद चिकटवला म्हणजे हे कर्तव्य पार पडलं, असं मला तरी कायद्यात कुठे दिसत नाही.

याची झळ कशी बसते ते ऐका. माझ्याकडची मानखुर्दहून येणारी ताई पहाटे स्थानकावर पोहोचली. खिडकी बंद. एक मशीन बिघडलेलं, दुसरं चालू होतं पण त्याला रोख पैसे चालत नाहीत, आणि मशीनवर तिकिटं काढून देणारे काका अजून आलेले नव्हते. तिच्या हातात दहाची नोट होती. गाडी फलाटाला लागली. तिने गाडी सोडली असती तर माझ्याकडच्या जेवणाच्या साऱ्या डब्यांचा खोळंबा झाला असता, म्हणून ती चढली. उतरताना टीसीने धरलं. तिने खरं ते सांगितलं. टीसी म्हणाले, खिडकी बंद होती याची माझ्याकडे काही नोंद नाही. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर होतं. दंडाची पावती फाडली गेली. उपनगरी गाडीत दुसऱ्या वर्गाचं सगळ्यात कमी भाडं ५ रुपये आहे, म्हणजे हा दंड त्याच्या ५० पट झाला. त्या दिवशी ताईने माझ्याकडे जे कमावलं त्यातला मोठा वाटा असा गेला. तिने पास का काढला नाही, असं विचाराल. ज्या घरात रोजचा पैसा रोज येतो, तिथे महिन्याच्या पासाची रक्कम एकदम हातात असतेच असं नाही. रोजचं तिकीट काढणारी माणसं बहुतेक अशीच आहेत.

त्याच कलम ५५ मध्ये आणखी एक तरतूद आहे. अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन, भाडं नंतर भरण्याच्या अटीवर, तिकिटाशिवाय चढता येतं आणि तसा दाखलाही मिळतो. ही सोय किती प्रवाशांना ठाऊक आहे? पहाटे बंद खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईने तो दाखला कोणाकडे मागायचा, हे स्थानकावर कुठे लिहिलेलं आहे? मी तरी असा फलक पाहिलेला नाही.

आता पुलाचं. पूर्वेची खिडकी बंद म्हणजे पूर्वेच्या माणसाने जिना चढायचा, पूल ओलांडायचा, पश्चिमेला उतरायचं, रांगेत उभं राहायचं, तिकीट घ्यायचं आणि गाडी पूर्वेच्या फलाटावर असेल तर पुन्हा चढून उतरायचं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला, पोटुशी बाईला, केमोथेरपी घेऊन निघालेल्या रुग्णाला हे जमत नाही. शिवाय हा पूल बऱ्याच ठिकाणी फलाटांना जोडलेला असतो. तिकीट घ्यायला निघालेला माणूस तिकिटाशिवाय रेल्वेच्या हद्दीत सापडतो, आणि जिन्याच्या पायथ्याशी टीसी उभे असले की त्यांना तो फुकटा वाटतो. मी हे परळहून लिहितेय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळच्या मधल्या पुलाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. त्याची कारणं वेगळी होती, पाऊस होता, अरुंद जिना होता. पण त्या सकाळनंतर गर्दीच्या पुलावर एकही माणूस विनाकारण चढवू नये, एवढं तरी आपण सगळ्यांनी मनाशी धरायला हवं होतं. तिकिटासाठी पूल ओलांडायला लावणं हे विनाकारण चढवणंच आहे.

ॲपच्या विरोधात मी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत मोबाइलवर तिकीट सुरू झालं, तेव्हापासून माझ्या घरात ते वापरलं जातं. जुलै २०२५ मध्ये रेलवन हे रेल्वेचं नवं ॲप आलं, तेही मुलाने घातलंय. ज्यांच्याकडे चांगला फोन, चालू डेटा आणि खात्यात पैसे आहेत, त्यांची रांग त्याने वाचवली आणि रांगेतल्या इतरांचा वेळही वाचला. हे चांगलंच झालं. पण म्हणूनच, आता खिडकीपाशी जो उरलाय त्याच्याकडे नीट बघा. घरकामाला जाणारी बाई, जिचा फोन घरी मुलाच्या अभ्यासाला ठेवलेला असतो. बटणांचा फोन वापरणारे आजोबा. डोळ्यांना कमी दिसणारा माणूस. कालच मुंबईत उतरलेला, ज्याला 'अप' आणि 'डाउन' अजून कळायचंय. फोनची बॅटरी संपलेला कोणीही. ज्यांना दुसरा मार्ग मिळाला ते निघून गेले, आणि ज्यांना खिडकीवाचून गत्यंतर नाही तेच आता तिथे उभे आहेत. नेमकी अशा वेळी ती बंद करणं म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच वाऱ्यावर सोडणं.

खिडकीवर आता विक्रीच कमी होते, असं उत्तर मिळतं. बंद खिडकीवर विक्री होणार कशी? अर्धा दिवस शटर खाली, उरलेला अर्धा दिवस एका क्लार्कवर दोन क्लार्कांचा भार. कंटाळून लोक मशीनकडे जातात किंवा तिकिटाशिवाय चढतात. मग वर्षअखेरीला आकडा खाली आला म्हणून आणखी एक खिडकी कमी. हा आकडा प्रवाशाची गरज सांगत नाही, आपण किती वेळ माणूस बसवला ते सांगतो.

मशीनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शटरवरच्या कागदाने आम्हाला तिकडेच पाठवलंय. एटीव्हीएमला, म्हणजे स्थानकावरच्या या तिकीट मशीनला, स्मार्ट कार्ड लागतं किंवा क्यूआर स्कॅन करावा लागतो. कार्ड संपलं की ते भरायला पुन्हा माणूसच लागतो. बहुतेक मशीनना नाणी-नोटा चालत नाहीत. नाणे अधिनियम २०११ च्या कलम ६ प्रमाणे एक रुपया आणि त्याच्या वरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध चलन आहेत. पाच रुपयांचं नाणं हातात असून पाच रुपयांचं तिकीट मिळू नये, ही मुंबईसारख्या शहरात लाज वाटायची गोष्ट आहे. त्यातून मार्गाचा घोळ. ठाण्याहून पनवेलला ट्रान्स-हार्बरने जाता येतं आणि कुर्ल्यावरूनही. मशीन विचारतं, कुठल्या मार्गाने? नवख्या माणसाने दोन्हीपैकी एक दाबलं आणि गाडी दुसऱ्या मार्गाची पकडली, तर तिकीट असूनही तो चुकीचा ठरतो. खिडकीतला क्लार्क आधी विचारतो, 'कुठून जाणार?' आणि मग तिकीट छापतो.

मशीनपाशी उभे राहणारे फॅसिलिटेटर मदत करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यातले कितीतरी निवृत्त रेल्वेवालेच आहेत. पण ते कमिशनवर काम करतात. गर्दीच्या वेळी असतात, पहाटे आणि रात्री नसतात, आणि नसले म्हणून त्यांना जाब विचारता येत नाही. स्थानकाबाहेरचे जनसाधारण तिकीट सेवकही तसेच. दुकान बंद तर तिकीट बंद, आणि दुकान उघडं असलं तरी वरचे पैसे द्यायचे. ही सगळी जोडीची साधनं आहेत. साधनं येतात आणि जातात, हे मुंबईने पाहिलंय. कूपनांची पुस्तकं आणि त्या कूपनांवर शिक्का मारणारी यंत्रं एकेकाळी प्रत्येकाच्या पर्समध्ये, प्रत्येक फलाटावर होती, २०१५ च्या सुमारास ती गेली. त्या सगळ्या काळात खिडकी चालू होती म्हणून कोणाचं अडलं नाही.

काही कामं तर मशीनला येतच नाहीत. शाळा-कॉलेजातून आणलेला सवलतीचा फॉर्म पाहून विद्यार्थ्याचा पास देणं. दिव्यांग प्रवाशाचं प्रमाणपत्र पाहून सवलतीचं तिकीट देणं. ओळखपत्रावरचं नाव आणि पासावरचं नाव का जुळत नाही ते समजून घेणं. ऑगस्ट २०२१ मध्ये लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकलची मुभा मिळाली, तेव्हा कागद पाहायला आणि पास द्यायला माणसंच बसली होती. अडचणीच्या काळात आपण स्वतः खिडकीवरच विसंबलात, हे विसरू नये.

आणि इस्पितळातली माणसं. टाटाचे डॉक्टर कित्येक रुग्णांना खारघरच्या केंद्रात पाठवतात. परळच्या फुटपाथवर फाइल छातीशी धरून उभा असलेला माणूस विचारतो, खारघर कसं? परळ स्थानकावर हार्बरची गाडी येत नाही, म्हणून कोणी त्याला कुर्ल्याला बदलायला सांगतं. आजारी माणसाला घेऊन कुर्ल्याचा पूल चढणं काय असतं ते तिथे गेलेल्यालाच कळतं. माहीतगार क्लार्क असला तर तो सांगतो, 'शिवडीला जा, तिथून पनवेल गाडी धरा, मध्ये बदलायला नको.' ही एका वाक्याची मदत कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर नाही. मी हे वाक्य डब्याबरोबर रोज देते, मनापासून देते. पण ते देणारा माणूस स्थानकावरही असायला हवा.

रात्रीचं वेगळं लिहायला हवं. साडेदहा-अकरानंतर माझ्याकडच्या बायका, नर्सिंगच्या मुली, कँटीनची पोरं परततात. तिकीटघराचा दिवा चालू असला, आत माणूस असला, तर त्या सुन्या हॉलमध्ये बाईला थांबायला एक जागा असते. कोणी मागे लागलं तर खिडकीशी जाऊन उभं राहता येतं, क्लार्क आतून पोलिसांना फोन करतो. शटर पडलं की तो हॉल गर्दुल्ल्यांचा होतो. तिथे ठेवलेल्या मशीनसमोर, हॉलकडे पाठ करून, पर्स उघडून, फोन हातात धरून उभं राहायचं कोणत्याही मुलीला नको वाटतं.

आता खिडकीच्या आतली बाजू. लोक क्लार्कवर चिडतात, हळू काम करतात म्हणतात, त्यांनीही हे वाचावं. ड्युटीवर बसताना वन्सं स्वतःच्या पर्समध्ये किती पैसे आहेत ते रजिस्टरमध्ये लिहायच्या. तिकिटाच्या रोलचा पहिला नंबर लिहायचा, शेवटचा लिहायचा, फुकट गेलेल्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब द्यायचा. पाळी संपली की रोकड मोजून जुळवायची, कमी भरली तर ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरायची. समोरचा माणूस 'पटकन, गाडी आली' म्हणत काचेवर नाणं आपटतो, त्या घाईत शंभराची नोट पाचशेची समजली गेली तर तेवढे पैसे खिशातून गेले. हे काम त्यांनी तक्रार न करता केलं. तक्रार सुरू झाली ती शेजारची खुर्ची रिकामी झाली तेव्हा. एकटी बाई खिडकीत असली की लघवीला जायचं तर खिडकी बंद करावी लागते. पाच मिनिटं पडदा ओढला तर बाहेर शिव्या सुरू होतात. म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की डबल ड्युटी. घरी सणाला सगळे जेवायला बसलेले आणि वन्संचा फोन येणार, 'रिलीव्हर नाही, थांबावं लागतंय.' २०१७ मध्ये माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवला, तेव्हा आपण त्याचा अभिमानाने गाजावाजा केलात, आणि तो योग्यच होता. त्याच महिला कर्मचाऱ्यांना इतर स्थानकांवर एकेकटं बसवू नका, एवढंच मागणं आहे.

माणसं मिळत नाहीत म्हणून खिडक्या बंद, असं कोणी म्हणू नये. अशा पदांच्या रेल्वे भरतीची २०१९ ची जाहिरात आली, तिची पहिली परीक्षा सुरू व्हायला डिसेंबर २०२० उजाडलं. त्यानंतरची मोठी जाहिरात २०२४ मध्ये. तिच्यात बारावी पास उमेदवारांसाठी साऱ्या देशात मिळून ३,४४५ जागा, त्यातल्या २,०२२ वाणिज्यिक-सह-तिकीट लिपिकाच्या. देशभराच्या स्थानकांना वाटून मुंबईच्या वाट्याला त्यातून किती येणार? लालबाग-परळच्या वाचनालयांत, अभ्यासिकांत या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं मी रोज बघते. वयाची मर्यादा ओलांडून जाईपर्यंत ती वाट बघतात. एकीकडे बसायला तयार मुलं, दुसरीकडे रिकाम्या खुर्च्या, आणि मधे शटर.

परदेशाकडे बोट दाखवून 'तिकडे सगळं मशीनवर चालतं' असं सांगितलं जातं. जुलै २०२३ मध्ये इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांनी बहुतेक तिकीटघरं बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता. लोकांना आपलं म्हणणं कळवायला सांगितलं गेलं, साडेसात लाख प्रतिसाद गेले, प्रवासी संस्थांनी आक्षेप घेतले, आणि ३१ ऑक्टोबरला तिथल्या सरकारने कंपन्यांना तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला. तिथे निदान विचारलं तरी. आमच्या पूर्वेच्या खिडकीबद्दल आम्हाला कोणी विचारलं?

माझ्या मागण्या अशा :

प्रत्येक स्थानकावर, पूर्वेला आणि पश्चिमेला जिथे जिथे तिकीटघर बांधलेलं आहे तिथे, पहिल्या गाडीच्या अर्धा तास आधीपासून शेवटची गाडी सुटेपर्यंत किमान एक खिडकी चालू हवी आणि तिच्यामागे रेल्वेचा कर्मचारी हवा. एजंट किंवा मशीन हा त्याला पर्याय धरू नये.

कुठल्याही पाळीत क्लार्क एकटा किंवा एकटी नसावी. दोन माणसं हवीतच. वन्संसारखं कोणाला पाणी पिणं कमी करावं लागू नये.

बुकिंग क्लार्कची मंजूर पदं किती, भरलेली किती, हे स्थानकवार जाहीर करा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती आपणहून द्यायची असते, अर्जाची वाट पाहायची नसते. आणि रिकाम्या जागा कधी भरणार त्याची तारीख द्या.

खिडकी बंद असेल त्या वेळेची नोंद स्टेशन मास्तरांकडे झाली पाहिजे आणि टीसींना ती तिथल्या तिथे पाहता आली पाहिजे. त्या वेळात त्या स्थानकावरून चढलेल्या प्रवाशाकडून फक्त भाडं घ्यावं, दंड घेऊ नये. कलम ५५ चा परवानगीचा दाखला कोणाकडे मिळेल, हे मराठीत मोठ्या अक्षरांत बंद खिडकीवरच लिहा. ही मागणी मला सगळ्यात तातडीची वाटते, कारण तिला नवी भरती लागत नाही, पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

प्रत्येक बाजूला नाणी-नोटा घेणारं एक तरी यंत्र चालू स्थितीत ठेवा. बिघडलं तर कधी दुरुस्त होणार ती तारीख त्यावर लावा.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा कलम ४१ मध्ये रेल्वे स्थानकांवरच्या तिकीट खिडक्या आणि तिकीट यंत्रं या दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख करून ती सुगम असावीत म्हणतो. चाकाच्या खुर्चीवरून हात पोहोचेल अशी कमी उंचीची एक खिडकी आणि ऐकू कमी येणाऱ्यासाठी नीट चालणारा माइक, एवढं पहिल्या टप्प्यात करा.

यापुढे कोणतीही खिडकी किंवा तिकीटघर कायमचं बंद करायचं असेल, वेळ कमी करायची असेल, तर सही-शिक्क्याची, कारण दिलेली मराठी सूचना किमान ३० दिवस आधी लावा आणि प्रवाशांचं म्हणणं ऐकून घ्या. आमच्या शटरवरचा बिनसहीचा कागद कोणाच्या आदेशाने लागला, तेही कळवा.

या पत्राची प्रत आमच्या भागाच्या खासदारांना आणि रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांना पाठवतेय. आपल्याकडून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. उत्तर आलं तर ते जसंच्या तसं माझ्या पोळी-भाजी केंद्राच्या फळ्यावर लावेन, न आल्यास माहिती अधिकारात स्थानकवार अर्ज करायला सुरुवात करेन, आणि त्यासाठी माझ्याबरोबर यायला बरेच जण तयार आहेत. सह्यांचा कागद केंद्रात ठेवलाय, भरला की आणून देते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घेतले आहेत, ते सह्यांच्या बरोबरीने मोजावेत.

कळावे,
आपली विश्वासू,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक प्रवासी,
परळ, मुंबई